निर्देशकारित्व आणि हृद्रोगी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चिकित्सेच्या चतुष्पादांच्या विवेचनात, रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. यांपैकी निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याच्या सांगण्यानुसार वागणे, आपण परीक्षेपुरते पाठ करतो. हृद्रोगात मात्र त्यावर आयुष्य अवलंबून असते.

अमेरिकेतील ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’चे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मननीय आहेत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांपैकी क्लोफायब्रेटच्या ८० टक्के वा अधिक मात्रा घेणाऱ्यांत पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण १५ टक्के, तर कमी घेणाऱ्यांत २४.६ टक्के आढळले. आश्चर्य पुढेच आहे. औषधविरहित गोळ्या नियमाने घेणाऱ्यांतही ते १५.१ टक्के, तर अनियमितांत २८.२ टक्के होते. म्हणजे हा फरक केवळ गोळीचा नव्हे. गोळी नियमाने घेणारा बहुधा आहार-विहारातही नियमी असतो, किंवा त्याची प्रकृती मुळात बरी असते. यावरून औषधे निरुपयोगी ठरवणे मात्र घातक होय; अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आदींचा लाभ झटक्यानंतरच्या रुग्णांत स्वतंत्रपणे सिद्ध झालेला आहे.

आमच्या घोडेगावच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या डोंगराकडे, भाताची आवणी सुरू झाली की रुग्णाच्या फेऱ्या थांबतात. शासकीय योजनेतून स्टेंट बसलेला असतो. गोळ्या संपतात आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पुन्हा आणल्या जात नाहीत. मग तो आपल्याकडे येऊन म्हणतो, “डॉक्टर, त्या गोळ्यांनी उष्णता होते. तुमचंच औषध द्या.”

येथे खरी कसोटी आपली आहे. क्लोपिडोग्रेल अवेळी थांबवल्यास स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. बीटा ब्लॉकर एकाएकी सोडणेही धोक्याचे. अर्जुनावर माझी श्रद्धा आहे, परंतु तो या गोळ्यांचा पर्याय म्हणून देणे मला शास्त्रसंमत वाटत नाही. यष्टिमधूने रक्तदाब वाढतो, हेही अशा रुग्णाला काढा देताना विसरू नये.

व्यवसायबंधूंना विनंती एवढीच : प्रत्येक हृद्रोग्याच्या केसपेपरवर चालू गोळ्या व त्या पुरण्याची तारीख नोंदवावी. आवणीपूर्वीच पुरेसा साठा घेण्यास सांगावे. मात्रा जेवणाशी जोडून द्यावी आणि ती घरातील एका व्यक्तीलाही समजवावी. गोळीचा त्रास होत असेल, तर मूळ चिकित्सकास चिठ्ठी लिहावी. गोळी परस्पर बंद करू नये.

चतुष्पादांत पहिला पाद भिषक् आहे. त्याचा निर्देशच संदिग्ध असेल, तर रुग्णाने पालन कशाचे करावे?