कागदाच्या तळाशी दोन शब्द

आमच्या वारूळवाडीतील एक शेतमजूर गेल्या आठवड्यात, टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात उतरवून मिळालेल्या मजुरीची दारू पिऊन परतत असता मोटारसायकलसह कोसळला आणि कपाळाला टाके पडून इस्पितळात दाखल झाला. तिसऱ्या दिवशी मी भेटीस गेलो, तेव्हा त्याच्या हातांना असा कंप सुटला होता की कपातला चहा बशीत आणि बशीतला चादरीवर सांडत होता. नित्याची दारू एकाएकी तुटली म्हणजे असे होते. क्वचित भ्रम होतो, झटके येतात, प्राणावरही बेतते. परंतु ‘अंगात कस उरला नाही’ असे निदान करून चुलत्याने क्वार्टरची तजवीज चालविली होती. ती मी हाणून पाडली आणि परिचारिकेस बोलावून आणले.

घरी सोडताना दिलेला कागद मी वाचला. टाके काढण्याची तारीख, गोळ्यांच्या वेळा, आणि तळाशी ‘मद्यपान वर्ज्य’ एवढे दोन शब्द! ज्या कारणाने तो खाटेवर आला, त्यासाठी ना तारीख, ना भेटावयाच्या माणसाचे नाव. या गोष्टीचा मला संताप आला आणि तो अद्याप शमलेला नाही. जखम ओली असते तेव्हाच मनुष्य ‘आता पुरे’ म्हणतो. खपली धरून पुन्हा मजुरी हाती आली की तो निश्चय विरतो. ‘बाई, तुम्ही लक्ष ठेवा,’ असे मात्र सर्वांनी त्याच्या बायकोस बजावले. पहाटे खुरपणीला जाणाऱ्या, सायंकाळी चूल पेटविणाऱ्या त्या बाईने नवऱ्यावर पहारा केव्हा करावा? आपल्या समाजाने व्यसनाचा सारा बंदोबस्त बायकांच्या गळ्यात घातला आहे, हा अन्याय आहे.

गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या परंतु प्रशिक्षित समुपदेशकांकरवी, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी फार तर 4 बैठकींत बोलणे केले. त्याचा गुण आल्याचे 2017 साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. व्यसन हाडीमाशी खिळलेल्यांना अधिक उपचार लागतात. त्यांच्यासाठी अनिता व अनिल अवचटांनी 1986 साली पुण्यात उभारलेले मुक्तांगण आहे. परंतु तेथवर हात धरून नेणारे कोणी हवे.

जुन्नर-आंबेगावातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: अशा रुग्णाला रवाना करण्यापूर्वी आठवड्याच्या आतली भेट कागदावर नोंदवा, आणि तो आला नाही तर फोन करा. तोवर वाचकांनी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा विनामूल्य क्रमांक जवळ ठेवावा. तो रात्रंदिवस चालू असतो.