पथ्यपत्रकातील नारळाची चटणी

अम्लपित्ताच्या रुग्णास ‘तिखट वर्ज्य’ असे दोन शब्द लिहून देणे आपणा सर्वांनाच सोपे वाटते. नंदुरबारात मात्र ते लिहिताना वैद्याचा हात क्षणभर थबकावयास हवा. मिरचीच्या पथारी पसरल्या की शहराचा वाराही तिखट होतो, आणि त्या पथारीवर देठ खुडणाऱ्या स्त्रियांच्या शिदोरीत भाकर व ठेचा यांवाचून तिसरा पदार्थ क्वचितच असतो. ठेचा काढून घेतल्यावर जेवणात उरते काय, याचे उत्तर आपल्या पथ्यपत्रकात नसते.

अशाच एका मजूर बाईंस मी एकदा ‘भात व ओल्या नारळाची चटणी’ असे लिहून दिले. आठ दिवसांनी त्या परतल्या त्या छातीतील जळजळ वाढवूनच. चौकशी केली तेव्हा कळले, की नारळ देवापुढे फोडावयाचा, वाटावयाचा नव्हे, अशी त्यांच्या घरची रीत. म्हणून त्या रोज एका इडलीच्या गाडीवरून चटणी नेत होत्या. ती मागवून चाखली. नारळ नावापुरता, डाळ्या मुबलक, हिरवी मिरची सढळ हाताने आणि सकाळचे वाटण दुपारी आंबलेले. गाडीवाल्यास दोष देण्यात अर्थ नाही. त्याने चटणी इडलीसाठी केली होती, अम्लपित्तासाठी नव्हे. चूक माझ्या पत्रकाची होती.

वस्तुतः चटणी म्हणजे आपला कल्कच. शार्ङ्गधराने मध्यमखंडाचा पाचवा अध्याय कल्कास दिला आहे आणि त्याची मात्राही सांगितली आहे. औषधी कल्क योजताना द्रव्य, प्रमाण, काल, अनुपान हे सारे आपण लिहितो. तोच कल्क ताटात वाढावयाचा झाला की दोन शब्दांत आटोपतो. चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारासाठी प्रकृती, करण, संयोग, राशी अशी आठ आयतने सांगितली, ती काय केवळ परीक्षेत लिहिण्यासाठी?

नारळाविषयी चरकाचा सूत्रस्थानातील (अध्याय २७) अभिप्राय बृंहण, स्निग्ध, शीत, बल्य व मधुर असा आहे. भावप्रकाशाने त्यास दाहशामक व बस्तिशोधन म्हटले, परंतु दुर्जर आणि विष्टंभीही म्हटले. हे शेवटचे दोन गुण आपण सोयीने विसरतो. मंदाग्नीच्या रुग्णास नुसता नारळ वाटून दिला, तर दाह शमेल, पण पोट जड होईल.

दक्षिणेतील गृहिणीस हे ठाऊक असावे. तमिळ घरांत भातासाठी होणारी चटणी इडलीच्या पातळ चटणीहून निराळी. तिला तोगयल म्हणतात. उडदाची डाळ व सुकी मिरची तेलावर परतून, ओला नारळ, चिंच, मीठ व हिंग यांसह जेमतेम पाण्यात ती घट्ट वाटतात आणि ऊन भातात तूप वा तिळतेल घालून कालवतात. दुर्जर द्रव्यास हिंगाचा व अग्नीचा संस्कार झाला, तो असा.

अम्लपित्तात मात्र उडीद, मिरची व चिंच तिन्ही गैरसोयीची. मी त्यात पुढील बदल केला. अर्धा ओला नारळ, एक मोठा चमचा कोरडी भाजलेली मूगडाळ, मूठभर कोथिंबीर, आल्याचा नखाएवढा तुकडा व सैंधव. चिंचेऐवजी आवळ्याच्या दोन फोडी, कारण अम्ल द्रव्ये पित्तकर या नियमास डाळिंब आणि आवळा हे अपवाद आहेत. आवळ्याचा हंगाम नसेल तेव्हा भिजवलेली आवळकाठी चालते. वर तुपात जिरे, हिंग व कढीपत्त्याची फोडणी, मोहरी नको. एवढ्यात चार माणसांचे भागते. वाटल्यावर त्याच जेवणात संपवावी. स्थौल्य, प्रमेह व कफप्रधान कासात ही देऊ नये.

काही वैद्यमित्र म्हणतात, नारळ खानदेशाचा नव्हे, येथील माणसास तो सात्म्य कसा? मग मिरची तरी कुठली? चरक-सुश्रुतांना ती ठाऊक नव्हती. पोर्तुगीजांच्या मागोमाग ती आली. शेंगदाण्याचे मूळही अमेरिकेतलेच. त्या मानाने नारळ संहितेतला, म्हणजे जुना पाहुणा. भात तर नवापूरच्या शिवारातलाच आहे. खरा आक्षेप किमतीचा आहे, आणि तो मला मान्य आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरील रुग्णास रोज नारळ लिहून देणे हा विनोद होईल. तेथे मी आठवड्यातून दोन दिवसच सांगतो, एरवी मूगडाळ, कोथिंबीर व आवळा एवढ्यावर भागवतो.

औषधी दुकानदारांसही एक विनंती. ओल्या नारळास पर्याय म्हणून सुक्या खोबऱ्याच्या तयार चटणीचे पाकीट रुग्णाच्या हाती देऊ नये. सुके खोबरे अधिक तेलकट, पचनास जड आणि साठवणीत खवट होणारे. शिवाय पाकिटात बहुधा मिरची असतेच. त्यापेक्षा सूतशेखर किंवा अविपत्तिकर देताना सोबत वरील कृतीची मराठी चिठ्ठी द्यावी. अक्षरे मोठी असावीत, आणि वाचता न येणाऱ्यास ती काउंटरवरच वाचून दाखवावी. छपाईचा खर्च किरकोळ आहे.

त्या बाई नंतर दोनदा आल्या. जळजळ कमी होती. ठेचा सुटला का, असे विचारले, तेव्हा हसून म्हणाल्या, “रविवारी खाते, डॉक्टर.” मी ते पत्रकावर नोंदवून ठेवले आहे.