पाहण्याजोगी स्थळे : कोरमंगला येथील लक्ष्मीदेवी

बंगळूरला जाणारा प्रवासी लालबाग पाहतो, विधानसौधाची भव्य वास्तू पाहतो आणि सवड असल्यास म्हैसूरची वाट धरतो. शहराच्या आग्नेयेस असलेल्या कोरमंगला या भागाकडे तो वळलाच, तर बहुधा कामानिमित्त. नव्या उद्योगांची वसाहत म्हणून आज त्या भागाचा लौकिक आहे. फ्लिपकार्टचा आरंभ २००७ साली तेथेच झाला. या गजबजलेल्या वस्तीत लक्ष्मीदेवीचे एक लहानसे स्मृतिमंदिर आहे. ही लक्ष्मीदेवी म्हणजे विष्णुपत्नी नव्हे. बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडांची ती सून.

केंपेगौडांनी १५३७ साली मातीचा कोट घालून या नगराचा पाया घातला. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने ते जिंकले आणि शहाजीराजांना जहागीर मिळाले. त्या नात्याने मराठी वाचकाला हे नगर परके नाही. लक्ष्मीदेवीची कथा मात्र त्याआधीची, कोट उभा राहत असतानाची आहे.

कथा अशी सांगतात. कोटाचे दक्षिणेकडील महाद्वार काही केल्या टिकेना. दिवसभर रचलेले काम रात्रीतून ढासळे. जाणत्यांनी कौल दिला की, गर्भवती स्त्रीचा बळी दिल्यावाचून द्वार उभे राहणार नाही. केंपेगौडांना ते मानवेना. पण ही चिंता सुनेच्या कानी गेली. घरातील सारी माणसे निजलेली असता ती एकटीच द्वारापाशी गेली आणि तिने तलवारीने आपला शिरच्छेद करून घेतला. त्यानंतर द्वार ढळले नाही. शोकाकुल सासऱ्याने कोरमंगला येथे तिच्या स्मरणार्थ मंदिर बांधविले.

ही लोककथा आहे. तिला इतिहासाचा दाखला मानता येणार नाही. तरीही ती वाऱ्यावर सोडून देण्याजोगी नाही, कारण तिच्या बहिणी जगभर विखुरलेल्या आहेत. अल्बानियात श्कोदर नगराजवळ रोझाफा नावाचा प्राचीन किल्ला आहे. तो बांधणारे तीन भाऊ होते आणि त्यांचीही भिंत रात्री कोसळे. उद्या जी भावजय जेवण घेऊन येईल तिला भिंतीत चिणावयाचे, असे ठरले. थोरल्या दोघांनी आपापल्या बायकांना आधीच सावध केले. धाकट्याने वचन पाळले. त्याच्या पत्नीने इतकेच मागितले की, तान्ह्या बाळाला पाजण्यासाठी, कुरवाळण्यासाठी आणि त्याचा पाळणा हलविण्यासाठी आपला एक स्तन, एक हात व एक पाय भिंतीबाहेर राहू द्यावा. किल्ल्याच्या दारापाशी चुन्याचे पांढरे पाणी झिरपते. त्याला लोक तिचे दूध म्हणत आले.

रुमानियात आर्जेश येथील मठ १५१७ साली, म्हणजे बंगळूरच्या अवघी वीस वर्षे आधी पूर्ण झाला. त्याच्या भिंतीत मानोले या गवंड्याने आपली गर्भवती पत्नी आना हिला चिणले, असे तेथील लोकगीत सांगते. ग्रीसमधील आर्टा येथील दगडी पुलाविषयीही अशीच कथा आहे. तेथे मुख्य कारागिराची पत्नी बळी जाते. कर्नाटकाच्या लोकगीतात गावच्या गौडाने खोदलेल्या तळ्याला पाणी लागत नाही आणि धाकटी सून भागीरथी त्याला अर्पण केली जाते.

आपल्याकडील शिळा सप्तमीची कहाणी आठवा. श्रावणात घरोघर ऐकली जाणारी ही कहाणीही राजाच्या कोरड्या तळ्यापासूनच सुरू होते. जलदेवता सुनेच्या वडील मुलाचा बळी मागते. सुनेला माहेरी धाडून, तिच्या नकळत, राजा तो देतो. मात्र मराठी कहाणी तेथे थांबत नाही. सून परत येताना तळ्याच्या काठी व्रत करते, आणि बुडालेला मुलगा पाण्यातून तिचे पाय ओढतो. ज्या बायकांनी ही कहाणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांनी राजाचा निर्णय अखेरचा मानला नाही, असेच म्हणावे लागेल.

इतक्या दूरदूरच्या देशांत भिंतीची किंमत वारंवार सुनेकडूनच का घेतली जाते? जी परक्या घरातून आली, जिचा शब्द घरात सर्वांत हलका, तिच्यावर हा भार पडतो. रोझाफाच्या स्त्रीला फसविले गेले. लक्ष्मीदेवी आपण होऊन गेली. पण जिथे घराची अब्रू तरण्याचा एकच मार्ग सुनेला दाखविला जातो, तिथे ‘आपण होऊन’ या शब्दांना किती अर्थ उरतो, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करण्यासारखा आहे. तिच्या त्यागापुढे मस्तक नमवावे. मात्र तो त्याग मागणाऱ्या कौलापुढे नमवू नये.

बंगळूरला गेलात तर एक सकाळ यासाठी राखून ठेवा. प्रथम दगडी किल्ल्याचा उरलेला दिल्ली दरवाजा पाहावा. हैदरअलीने १७६१ च्या सुमारास येथील कोट दगडात बांधविला. तेथून लालबागेतील टेकडीवर जावे. तेथे केंपेगौडांच्या घराण्याने उभारलेल्या चार मनोऱ्यांपैकी एक आहे. त्यानंतर कोरमंगला गाठावे. मंदिर भव्य नाही. कोरीव कामासाठी कोणी तेथे जात नाही. पण ज्या महाद्वारासाठी लक्ष्मीदेवीने प्राण दिले, ते आज उरलेले नाही. मातीचा कोटही गेला. तिचे नाव मात्र राहिले आहे. मुलांना कथा तेथेच सांगावी, आणि ती ऐकून त्यांनी ‘दुसरा उपाय नव्हता का?’ असे विचारले, तर त्यांना गप्प बसवू नये.