सीमेपलीकडची जमीन घेताना



गेल्या दोन महिन्यांत एकाच विषयाची सात-आठ पत्रे आली. कोणी नांदुऱ्याकडचे, कोणी जळगाव जामोद-संग्रामपूरकडचे, एक मेहकरचे. कोणाची जमीन जिगाव प्रकल्पात गेली, कोणाची समृद्धी महामार्गात. कोणी खारपाणपट्ट्याला कंटाळले आहेत, विहीर खोदली तरी मचूळ पाणी पिकाला देता येत नाही. सगळ्यांचा प्रश्न मात्र एक : येथल्या एका एकराच्या पैशात मध्यप्रदेशात दोन एकर मिळतात म्हणतात, तर विकून तिकडे बिऱ्हाड न्यावे काय?

नेऊ नका असे मी म्हणणार नाही. माणूस पोटासाठी गाव सोडतो, त्यात लाज कसली? आणि तो मुलूख आपल्याला परकाही नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपला बुलढाणा जिल्हाच मध्यप्रदेशात होता, हे जुनी मंडळी सांगत. बऱ्हाणपूर, मुलताई, पांढुर्णा, सौंसर या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, ओंकारेश्वरला शेगाव संस्थानची शाखा आहे. पण माणसे तीच असली तरी कायदा वेगळा, दप्तर वेगळे आणि विहिरीच्या तळाचा खडकही वेगळा. म्हणून घाई करू नका एवढेच माझे सांगणे आहे. ते का, हे सांगायला मला घरचीच गोष्ट काढावी लागेल.

माझ्या थोरल्या चुलतभावाने काही वर्षांपूर्वी निमाडात नऊ एकर घेतली. येथली चार एकर विकून घेतली. जमीन पाहायला दादा, वहिनी, मी आणि एक दलाल असे चौघे गेलो. मी शेती खात्यातला, बी.एस्सी. ॲग्रिकल्चर झालेला, म्हणून दादाने मला मुद्दाम नेले. मी दोन ठिकाणी तीन-तीन फूट खड्डे घेतले. काळी, खोल माती होती, खाली चुनखडीचा थर नव्हता. विहिरीत डोकावलो तर तीन परस पाणी. कपाशी छातीला लागलेली. मी म्हटले, दादा, जमीन चांगली आहे.

आमची वहिनी तेवढ्या वेळात पलीकडच्या वस्तीवर पाणी प्यायला गेली होती. हातपंपावर एक बाई भेटली, तिच्याशी मोडक्या-तोडक्या हिंदीत बोलून आली आणि मला म्हणाली, "भाऊजी, ते बाई म्हन्ते, होळीपासून हिरीले पानी नसते." दलाल हसला. आम्हीही हसलो. दसऱ्याचे दिवस होते, पाऊस नुकताच उघडला होता. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातली कोणती विहीर कोरडी असते? एवढे साधे मला सुचू नये, हे अजून टोचते.

फाल्गुनात विहीर आटली. दोन बोअर घेतले, एक कोरडा गेला. आणि नऊपैकी अडीच एकर सरकारी पट्ट्याची निघाली. ती कलेक्टरच्या परवानगीवाचून विकताच येत नव्हती. माती मी तपासली होती, कागद कोणीच तपासला नव्हता. त्या अडीच एकरांचे पैसे आजतागायत परत आलेले नाहीत. दादा उरलेल्या साडेसहा एकरांवर राहिला. बरे चालले आहे, पण जी चार एकर विकली तिच्यात हंगामी ओलीत होते, हे तो विसरत नाही आणि मीही नाही.

तेव्हा पहिली गोष्ट पाण्याची. जमीन दोनदा पाहा. एकदा वैशाखात आणि एकदा श्रावणात, पाऊस लागून राहिला असताना. वैशाखात विहीर कळते, श्रावणात जमीन चिबडते काय ते कळते. बोअर असेल तर शेजारच्या पाच-सहा जणांना विचारा, दहा वर्षांपूर्वी किती फुटांवर पाणी लागे आणि आता किती. बऱ्हाणपूरच्या केळीची हिरवळ पाहून भुलू नका. तापीकाठच्या त्या गाळाच्या पट्ट्यात, आपल्याकडच्या रावेर-यावलप्रमाणेच, केळीसाठी वर्षानुवर्षे उपसा झाला आणि पाणी खोल गेले. केळीला बाराही महिने पाणी लागते. दिसणारी बाग खरी असते, पण ती किती खोलवरून पाणी ओढते हे बांधावरून दिसत नाही.

पाण्याचा नमुना घ्यायचा तर पंप अर्धा तास चालू ठेवून मग स्वच्छ बाटलीत लिटरभर घ्या आणि प्रयोगशाळेत क्षारता पाहून घ्या. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको. पण खारपाणपट्टा सोडून जाणाराच नव्या जागी पाणी चाखायचे विसरतो, असे मी पाहिले आहे. मातीचा सामू साडेआठच्या वर असेल तर चोपण जमीन समजा आणि भाव त्या हिशेबाने करा. कालव्याखालची जमीन असेल, उदाहरणार्थ नर्मदापुरमकडे तव्याच्या कालव्यावर, तर शेत कालव्याच्या डोक्याशी आहे की शेपटाशी, ते पाहा. शेपटाच्या शेतकऱ्याला पाळी मिळते काय, हे त्यालाच विचारा, विकणाऱ्याला नको.

आता कागद. तिकडे सातबारा म्हणून मागाल तर कोणी देणार नाही. आपल्या तलाठ्याच्या जागी पटवारी. सातबाऱ्याच्या जागी खसरा आणि बी-१ खतौनी. फेरफाराला नामांतरण म्हणतात, मोजणीला सीमांकन. शेतकऱ्याजवळ भू-अधिकार ऋण पुस्तिका असते, तीही पाहायची. एका जुन्या नोंदीवर भागवू नका, मागच्या वीस-पंचवीस वर्षांचे खसरे काढा. त्यात 'शासकीय पट्टा' किंवा 'अहस्तांतरणीय' असा शब्द कोठेही दिसला की तेथेच थांबा. दादाच्या कागदात तो शब्द होता. हिंदीत होता, आणि आमच्यापैकी कोणी तो वाचला नाही.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यावर मध्यप्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेत कडक बंधने आहेत. सातपुड्याच्या बाजूची स्वस्त जमीन पुष्कळदा याच कारणाने स्वस्त असते. वनहक्काचा पट्टा, जो २००६ च्या कायद्याने मिळतो, तो वारसाला जातो पण विकता येत नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून देतो म्हणणारे भेटतील. तो कागद चुलीत घालण्याच्या लायकीचा. क्षेत्र नेहमी हेक्टरमध्ये लिहून घ्या. बिघा म्हणाल तर तो ठिकठिकाणी वेगळा भरतो.

तेलंगणात आदिलाबादकडे जाणारेही आहेत. जमीन काळी, पीक कपाशीचे, मराठी बोलणारी गावे पुष्कळ, त्यामुळे घरच्यासारखे वाटते. पण त्या जिल्ह्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९५९ चा नियम आणि त्यात १९७० साली झालेली दुरुस्ती अशी की, आदिवासी नसलेल्याने आदिवासी नसलेल्याला केलेली विक्रीसुद्धा चालत नाही. विकणारा आपल्याच जातीचा, ओळखीचा असला तरी व्यवहार रद्द ठरतो. गाव अनुसूचित आहे काय, हे आधी तहसीलदाराच्या कचेरीत विचारावे.

गुजरातची एक गोष्ट सांगतो, कारण तिचे मूळ आपल्याच कायद्यात आहे. १९६५ च्या युद्धानंतर पंजाब-हरियाणाची काही कुटुंबे कच्छच्या सीमेवर शेती करायला गेली. उजाड जमीन त्यांनी हिरवी केली. २०१० साली त्यांच्यापैकी अनेकांची खाती गोठवली गेली. कारण काय, तर तुम्ही गुजरातचे शेतकरी नाही. ज्या कायद्यावरून हा वाद झाला तो १९५८ चा कूळकायदा, विदर्भ आणि कच्छ या दोघांसाठी मिळून केलेला. त्या वेळी दोन्ही मुलूख एकाच मुंबई राज्यात होते, म्हणून. २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. कोर्टात काय होते ते असो. पण ज्यांची मुले तेथेच जन्मली आणि वाढली, त्यांनासुद्धा चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी शेतकरी असल्याचा पुरावा मागितला गेला.

यावरून एक सल्ला. येथली सगळीच्या सगळी जमीन विकू नका. तुकडेबंदीत बसेल एवढा तरी तुकडा आणि गावठाणातले घर नावावर ठेवा. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला माणूस शेतकरी असावा लागतो. उद्या परत यावेसे वाटले, तर तो तुकडा तुमचा दाखला आहे.

मुलांचा विचार जमिनीइतकाच करा. जातीचा दाखला राज्याची सीमा ओलांडून तसाच चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हे स्पष्ट केले : एका राज्यातली अनुसूचित जात किंवा जमात दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्याने तेथल्या सवलतीला पात्र होत नाही. आपल्याकडच्या बंजारा बांधवांनी हे नीट समजून घ्यावे. महाराष्ट्रात ते विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. सीमा ओलांडली की तिकडचे फायदे मिळतील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, आणि इकडचे हातचे जातील याचाही हिशेब करा. मुलगी नववीत असेल तर दोन वर्षे थांबलेले बरे. भाषा बदलते, बोर्ड बदलते, आणि पुढे महाराष्ट्रातल्या वैद्यकीय कॉलेजच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी येथूनच लागते.

रेशनचे मात्र आता सोपे झाले आहे. 'एक देश एक रेशनकार्ड' २०२२ पासून सर्व राज्यांत लागू आहे, त्यामुळे धान्य तिकडच्या दुकानातूनही उचलता येते. पीएम-किसानच्या हप्त्याचे तसे नाही. त्या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन कोणाच्या नावावर होती हे पाहिले गेले. नव्या खरेदीवर हप्ता मिळेल असे गृहीत धरून कर्जाचे गणित मांडू नका.

भगिनींनो, आता तुमच्याशी बोलतो. पुरुषमंडळी बांधावर उभी राहून माती हातात घेतील. तुम्ही वस्तीत जा. हातपंपावर बसा, चुलीशी बसा. सरपण कोठून आणता, बाळंतीण रात्री अडली तर कोणत्या दवाखान्यात नेता आणि पावसाळ्यात रस्ता राहतो काय, हे विचारा. शाळेत मास्तर येतात की नाही हे मुलांना विचारले की कळते. आमच्या वहिनीला त्या एका तासात जे कळले ते माझ्या फावड्याला कळले नव्हते.

एकटे कुटुंब परमुलखात टाकू नये, हे नर्मदेच्या लोकांकडून शिकावे. सरदार सरोवरात आपल्या राज्यातली, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे आली. १९७९ च्या नर्मदा लवादाने त्यांना गुजरातेत जायचे की महाराष्ट्रात राहायचे हे निवडण्याची मुभा दिली होती, आणि पात्र कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन ठरवली होती. काही घरे गुजरातेत गेली, काही तळोद्याकडे आली. जेथे नातलग आणि गाव एकत्र बसले तेथे निभाव लागला. जेथे भाऊ-भाऊ पांगले, चराई आणि सरपणाला नवे गाव अडवू लागले, तेथून काहीजण परतसुद्धा आले. कागदावर दोन हेक्टर दोघांनाही सारखीच होती. आपण तर खुशीने जाणार. मग दोन-तीन घरांनी मिळून एका शिवारात जावे. पेरणीला बैलजोडी उसनी मिळते, रात्री साप निघाला तर हाक मारायला कोणी असते.

आणि जमेल त्याने घेण्याआधी एक वर्ष तेथे जमीन ठोक्याने करून पाहावी. घरातला एक तरुण जाईल, खरीप-रब्बी दोन्ही काढील, मंडीत माल विकील, लाईट किती तास राहते ते पाहील. एका वर्षाचा ठोका हा खर्चच, पण दादाच्या अडीच एकरांपेक्षा कितीतरी स्वस्त.

संग्रामपूर तालुक्यातून ज्यांनी चार पानी पत्र लिहिले, त्या भाऊंना : तुम्ही इसार दिलेला नाही असे लिहिले आहे, ते चांगले केले. या आठवड्यात देऊ नका. बी-१, मागचे खसरे आणि नकाशा घेऊन माझ्या कार्यालयात या. आपण दोघे मिळून हिंदी कागद ओळीओळीने वाचू. विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणा. आणि वहिनींना सोबत आणा.