कुत्र्याची खाज

हेमलकशाहून एका शिक्षक गृहस्थांचें पत्र आलें आहे. त्यांच्या अडीच वर्षांच्या कुत्र्याचे कमरेवरील व शेपटीच्या मुळाजवळील केस श्रावणापासून झडूं लागले असून तो रात्रभर अंग चावीत बसतो. शेजाऱ्यांच्या मतें हा दुधाचा दोष. घरांतील वडील माणसें म्हणतात, ‘लूत लागली आहे, बाहेर घालवा.’ दुकानांतून आणलेल्या गोळ्यांनीं चार दिवस आराम पडला आणि पुन्हां सर्व पूर्ववत् झालें. एका प्राण्याचें घर सुटण्याची वेळ आली आहे, म्हणून उत्तर जरा विस्तारानें देतों.

आपल्या वैद्यकांत कंडू हें लक्षण आहे व पामा हा रोग आहे. चरकानें पामेची गणना क्षुद्रकुष्ठांत केली आहे. माणसाच्या बाबतींत हा भेद आपण पाळतों, कुत्र्याच्या बाबतींत मात्र खाज हाच रोग धरून चालतों. पिसवा, लुतीचे कीटक, बुरशी, अन्न, हवेंतील धूळ व पराग या सर्वांचें बाह्य रूप एकच: खाजविणें. केसही बहुधा आपोआप गळत नाहींत. चाटून व चावून ते तुटतात.

कारण ओळखण्याची पहिली खूण म्हणजे जागा. कमर व शेपटीचें मूळ येथें खाज असेल तर प्रथम पिसवांचा संशय घ्यावा. पंजे, तोंड, कान व काखा येथें असेल, आणि वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांच्या आंत ती प्रथम दिसली असेल, तर धूळ-परागांची ॲलर्जी संभवते. कानांच्या कडा व कोपरें यांवर खपल्या धरून असह्य खाज सुटली तर ती खरी लूत. लहान पिलाच्या डोळ्यांभोंवतीं केस गेले पण खाज फारशी नाहीं, अशी दुसऱ्या जातीचीही लूत असते. ती माणसास लागत नाहीं. वाटोळे चट्टे बहुधा गजकर्णाचे, आणि तें मुलांसही होतें. अर्थात् जागेवरून केवळ तर्क होतो. निर्णय पशुवैद्यानें कातडी किंचित् खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच होतो, आणि एका खरवडींत कीटक न सांपडले तरी लूत नाहींच असें ठरत नाहीं.

पत्रांतील वर्णन पिसवांचें आहे. पिसवांची ॲलर्जी म्हणजे त्यांच्या लाळेची ॲलर्जी. अशा कुत्र्यास मोजके चावे पुरतात, आणि तो चाटून पिसवा गिळून टाकतो. म्हणून ‘आम्हांस एकही पिसू दिसली नाहीं’ हा पुरावा मानूं नये. अंगावरील केस ओल्या पांढऱ्या कागदावर विंचरावे. काळे कण पडून त्यांभोंवतीं तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलें रक्त, समजावी. मादी दिवसास चाळीस-पन्नास अंडीं घालते, आणि तीं अंगावरून गळून अंथरुणांत, गोणपाटांत व जमिनीच्या भेगांत पडतात. कोशांतील पिसू कित्येक महिने थांबून राहूं शकते. यासाठीं औषध घरांतील प्रत्येक कुत्र्यामांजरास, आणि निदान तीन महिने सतत दिलें पाहिजे. गोणपाट कढत पाण्यांत धुऊन उन्हांत घालावें, कानेकोपरे रोज झाडावे. हल्लीं फ्लुरालानर, अफॉक्सोलानर अशा गोळ्या निघाल्या आहेत. त्या पिसवा, गोचीड व लूत या तिहींवर चालतात. मात्र फेफरें येणाऱ्या कुत्र्याविषयीं डॉक्टरांस आधीं सांगावें. पर्मेथ्रिन असलेलें कुत्र्याचें औषध मांजरास कदापि लावूं नये; त्यानें मांजर दगावतें.

लुतीविषयीं हेमलकशासारख्या ठिकाणीं विशेष काळजी हवी. १९७३ सालीं बाबा आमटे यांच्या प्रेरणेनें तेथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया लोकांच्या औषधोपचाराबरोबर अनाथ वन्य प्राण्यांचाही सांभाळ केला. रान अंगणापर्यंत आलेल्या अशा मुलुखांत लूतभरलें कुत्रें बाहेर हांकलणें म्हणजे तो रोग कोल्ह्या-लांडग्यांकडे पाठविणें होय. माणसासही त्या कीटकांनीं कांहीं दिवस पुरळ उठतें. तेव्हां वडील मंडळींची भीति निराधार नाहीं. उपाय मात्र उलटा आहे. निदान होईपर्यंत कुत्र्यास पडवींत वेगळें ठेवावें आणि उपचार करावा.

दुधाचा तर्कही अगदींच टाकाऊ नव्हे. दूध व गहूं यांची ॲलर्जी कुत्र्यांत आढळते, आणि आपल्या घरांत त्यास दूध-पोळीच मिळते. पिसवा हटूनही खाज राहिली तर आठ आठवडे, डॉक्टरांनीं ठरविलेलें व पूर्वीं कधीं न खाल्लेलें अन्नच द्यावें. एकत्र कुटुंबांत ही परीक्षा बहुधा आजी आणि नातवंडें मिळून बुडवितात! एक बिस्किट टाकलें कीं सारी मेहनत फुकट. म्हणून घरांत एकानेंच कुत्र्यास वाढावें.

चार दिवस आराम देणाऱ्या गोळ्या बहुधा स्टेरॉइडच्या असाव्या. योग्य निदानानंतर, वैद्याच्या देखरेखीखालीं त्या उपयोगी पडतात. पण लूत किंवा बुरशी असतां दिल्या तर रोग फोंफावतो. कुत्रें फार पाणी पिऊं लागलें, वारंवार मुतूं लागलें, तर तें त्यांचेंच लक्षण. तथापि बरेच दिवस दिल्या असल्यास एकाएकीं बंद करूं नयेत. डॉक्टरांस विचारून हळूहळू कमी कराव्या. रॉकेल, फिनेल, जळकें इंजिन-तेल व मोरचूद हे उपाय मी सर्वस्वीं त्याज्य मानतों. कुत्रें अंग चाटतें, म्हणजे लावलेलें सर्व पोटांत जातें. गंधकाची गोष्ट निराळी. चुन्याबरोबर सिद्ध केलेलें गंधकाचें पाणी लुतीवर आजही पशुवैद्य वापरतात, परंतु त्याचें प्रमाण त्यांनींच ठरवावें.

स्नान आठवड्यांतून एकदां, कोमट वा गार पाण्यानें, कुत्र्यासाठींच्या शांपूनें घालावें. माणसाच्या साबणानें त्याची कातडी कोरडी पडते. औषधी शांपू अंगावर दहा मिनिटें राहूं द्यावा. कातडी ओली, दुर्गंधी व दुखरी झाली असेल तर जंतुसंसर्ग झाला असें समजून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. खाज थांबल्यावर केस एक-दोन महिन्यांत येऊं लागतात. आधीं मऊ लव दिसते, आणि कातडीचा काळेपणा त्याहून उशिरां जातो.