मांडी म्हणजे आसन नव्हे

राज्य परिवहनाच्या बसमध्ये पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट पडते. पाचाच्या आतल्याला तिकीटच नसते. सवलत म्हणून हे योग्यच आहे आणि तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या हिशेबाने वाहनांच्या रचनेत आणि आपल्या विचारात केलेल्या शिरकावाविषयी. भाड्यात जो अर्धा, तो जागेतही अर्धा. भाड्यात जो शून्य, त्याला जागाच नको, तो कोणाच्या तरी मांडीवर बसेल. हे आपण इतकी वर्षे मानत आलो आहोत, की मांडी हेच मुलाचे आसन ठरून गेले आहे. मांडी ही मायेची जागा आहे, याबद्दल वाद नाही. परंतु धावत्या वाहनात ती आसन नव्हे, आणि तिला आसन समजण्याची सक्ती आईबापांवर वाहनाची रचनाच करते, असे आमचे म्हणणे आहे.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने १९७२ साली ‘अभिप्रेत वाचका’ची कल्पना मांडली, ती आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो. प्रत्येक संहिता आपला वाचक गृहीत धरते. तिची भाषा, तिचे मौन, तिने मोकळ्या सोडलेल्या जागा त्या वाचकाच्या मापाने बेतलेल्या असतात. मोटारगाडीही अशीच एक संहिता आहे. पट्टा खांद्यावरून कोठून यावा, आसन किती खोल असावे, डोके टेकायची उशी कोठे असावी, या सगळ्यांमागे एक अभिप्रेत प्रवासी उभा आहे : मध्यम बांध्याचा प्रौढ पुरुष. अपघाताच्या चाचण्यांत अनेक दशके मुख्यतः त्याच मापाचा पुतळा बसवला गेला. दीड वर्षाचे मूल या संहितेत नाहीच. फार तर ते समासात आहे. ज्यांना संहितेतून वगळलेल्यांचा शोध घेण्याची सवय आहे, त्यांनी या समासाकडे पाहू नये, हे आम्हांला पटत नाही.

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची दोन गावे आहेत, खुर्द आणि बुद्रुक. अशा गावांतून मूल लसीसाठी, आजोळी किंवा तालुक्याच्या बाजाराला कसे जाते? मोटारसायकलवर, दोघांच्या मध्ये. वडापच्या जीपमध्ये, आईच्या मांडीवर. आणि दारी चारचाकी असेल तर पुढच्या आसनावर, आजीच्या ओटीत. हा प्रवास काही केवळ पाणंदीतला नसतो. पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग याच तालुक्यातून जातो, आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या याच रस्त्यांवर रात्रंदिवस असतात. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल आणि आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलोचे ओझे पेलण्याइतके बळ लागते. जगातली कोणतीही माय, तिचे प्रेम कितीही अफाट असले तरी, तेवढे बळ त्या क्षणी आणू शकत नाही. जे हातांना अशक्य आहे त्याची अपेक्षा हातांकडून करायची आणि मग ‘लक्ष नव्हते’ म्हणून त्या हातांनाच बोल लावायचा, हा शुद्ध अन्याय आहे.

कायदा काय करतो ते पाहू. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन यांनी सुरक्षित न करता वाहन चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. हेतू चांगला आहे. पण त्या कलमात निर्मात्याचे नाव नाही. २०२२ साली दुचाकीसाठी नियम झाला आणि तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला : नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला शिरस्त्राण हवे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, आणि अंगात पट्ट्यांचा बंध हवा. हा बंध कोठे बांधायचा? चालकाच्या खांद्यांना. म्हणजे मूल बांधले गेले ते बापाच्या अंगाला, गाडीला नव्हे. गाडी जशी होती तशीच राहिली. तिच्याकडे कोणी काही मागितलेच नाही. मांडीच्या जागी पाठ आली, एवढाच काय तो फरक.

चारचाकीत बालआसन आणले की प्रश्न सुटतो, असे समजणाऱ्यांनी ते एकदा स्वतः बसवून पाहावे. तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी, म्हणून त्याचे आसन मागे तोंड करून बसवावे लागते. ही कल्पना स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात मांडली. पण अशा आसनाभोवती वळसा घेण्याइतका लांब पट्टा गाडीत हवा; तो पुष्कळदा तोकडा पडतो. पट्ट्याचे कुलूप गादीत रुतलेले किंवा लोंबणारे असले, की एका हाताने खटका लागत नाही, आणि दुसऱ्या हातात तर मूल असते. पट्टा ओढून एकदा घट्ट केला की तसाच राहावा, यासाठी त्यात अडकण्याची सोय हवी. मागची उशी आसनाला एकजीव केलेली असली, की बालआसन पाठीला टेकत नाही. मागचे दार पुरते उघडत नसले, की मूल आणि आसन दोन्ही तिरपे करून आत घालावे लागते. मधल्या जागेला केवळ कमरेचा पट्टा असला, तर जागा असूनही ती पुष्कळ बालआसनांच्या उपयोगाची राहत नाही. यांतील एकही दोष आईबापांचा नाही. प्रत्येक दोष आराखड्याच्या कागदावरचा आहे आणि तेथेच दुरुस्त होणारा आहे.

पट्ट्याची ही कसरत टाळण्यासाठी आयसोफिक्स नावाची पद्धत निघाली. गादी आणि पाठ जेथे मिळतात तेथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन धातूच्या कड्या असतात, त्यांत बालआसनाचे आकडे खटकन बसतात. तिचे आंतरराष्ट्रीय मानक १९९९ साली प्रसिद्ध झाले. पण नुसत्या कड्या असून भागत नाही, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. तेथे अशा कड्या सप्टेंबर २००२ पासून सक्तीच्या आहेत, तरी पालकांची आसने चुकीची बसतच राहिली. ‘पालकांचे प्रबोधन करा’ हा उपाय तेथेही सुचवला गेला. मग २०१५ साली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने पालकांना सोडून गाड्यांची परीक्षा घेतली. कडी गादीत दोन सेंटिमीटरहून खोल आहे काय, आकडा बसवायला किती जोर लागतो, भोवती हात फिरायला जागा आहे काय, वरच्या पट्ट्याची कडी सहज सापडते काय, असे साधे निकष होते. १०२ गाड्यांपैकी अवघ्या तीन ‘उत्तम’ ठरल्या. पुढच्या चार-पाच वर्षांत मात्र नव्या गाड्यांची श्रेणी पुष्कळ सुधारली. दरम्यान आईबाप बदलले नव्हते. कडी दोन बोटे पुढे आली होती.

यावर आक्षेप येईल, की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. वरकुट्यात किती घरांत बालआसन असणार? हा आक्षेप गरिबांच्या नावाने घेतला जातो, परंतु त्याचा लाभ गरिबांना होत नाही. वेगळे बालआसन विकत घेण्याची ऐपत नाही, हे खरे असेल, तर आसन गाडीतच असले पाहिजे, हाच त्यातून निघणारा निष्कर्ष आहे. व्होल्व्हो कंपनीने १९९० सालीच मागच्या आसनाच्या मधल्या हातटेकणीत मोठ्या मुलासाठी उंच बैठक बसवली होती. तंत्र जुने आहे, मागणी नाही.

आणि हे सारे दूर परदेशात घडते, असेही नाही. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक या गाड्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत बालप्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. वाहनांची मानके आणि चाचण्या पाहणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ पासून पुण्यातच आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी आणि व्हेस्पा स्कूटर तयार होतात. म्हणजे चारचाकीत मूल कसे बसवावे याचे ज्ञान, त्याची मोजपट्टी आणि मुलांना प्रत्यक्ष वाहून नेणारी तीनचाकी व दुचाकी हे सर्व एकाच पुणे जिल्ह्यात आहे. तरी तीनचाकीच्या मागच्या आसनाला पट्टा नसतो आणि स्कूटरवर मुलासाठी जागा आखलेली नसते, कारण नियमाने ती कोणाकडे मागितलेली नाही. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये बालप्रवाशांसाठी ४९ गुण आहेत, त्यांत बालआसन कसे बसते याला १२ आणि गाडीतील सोयींना १३. ही चांगली सुरुवात आहे. परंतु ती मोटारगाड्यांपुरती आहे, आणि तीत उतरायचे की नाही हे निर्मात्याच्या मर्जीवर आहे.

आमची मागणी त्यामुळे साधी आहे. कड्या दिसतील अशा आणि खुणेसह असाव्यात. पट्टा पुरेसा लांब, घट्ट राहणारा आणि मधल्या जागेलाही तीन टोकांचा असावा. कुलूप ताठ उभे असावे. मागची उशी काढता यावी आणि दार पुरते उघडावे. बालआसन किती सुलभपणे बसते याचे गुण प्रत्येक गाडीसाठी सक्तीने जाहीर व्हावेत. तीनचाकी, दुचाकी आणि शाळेच्या गाड्या यांतही मुलाच्या मापाची बैठक रचनेचाच भाग असावी. आणि १९४-ब कलमात पालकाच्या कर्तव्याशेजारी निर्मात्याचे कर्तव्य लिहिले जावे.

प्रबोधनाला आमचा विरोध नाही. पण जे वाहन मुलाला जागाच देत नाही, त्याच्या मालकाला जागरूकतेचे धडे देणे म्हणजे पान कोरे ठेवून वाचकाला निरक्षर ठरवणे होय. तिकीट अर्धे असू द्या; जागा मात्र पुरी हवी.