रेस्तेलोची कपेल आणि किनाऱ्यावरचा म्हातारा

लिस्बनमधील बेलें येथील जेरोनिमोस मठाचा भव्य दगडी पसारा पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही, की तो एका लहानशा वास्तूच्या जागेवर उभा आहे. तेजो नदीच्या मुखाकडे, रेस्तेलोच्या किनाऱ्यावर, पंधराव्या शतकाच्या मध्यास राजपुत्र हेन्रीने मेरीमातेच्या नावे एक प्रार्थनामंदिर, गोव्याच्या बोलीत सांगायचे तर कपेल, बांधवले. जहाजे येथे नांगर टाकून निघण्याची वाट पाहत, आणि ख्रिस्तसंघाचे धर्मगुरू खलाशांची सेवा करीत. ८ जुलै १४९७ रोजी निघण्यापूर्वीची रात्र वास्को द गामाने येथेच प्रार्थनेत जागून काढली. त्याच्यासोबत गेलेल्यांपैकी निम्मेही परतले नाहीत. सख्खा भाऊ पाउलो परतीच्या वाटेवर वारला. पुढे राजा मान्युएलने ती जागा हिएरोनिमाइट संन्याशांना दिली आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी मठाचे काम सुरू झाले. त्याचा बराच खर्च आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरील करातून भागला. ज्या कपेलीत खलाशी भीतीने गुडघे टेकत, ती त्यांच्याच यशाने गिळली असे म्हणावे लागते.

या किनाऱ्याची खरी स्मृती मात्र दगडाने नव्हे, काव्याने राखली आहे. कामोइशच्या १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात गामाची माणसे कपेलीतून निघून नावांकडे जातात, आया आणि बायका आक्रोश करतात, आणि गर्दीतला एक म्हातारा मोठ्याने या साहसाचा धिक्कार करतो: कीर्तीच्या हव्यासाला तुम्ही थोर नावे देता, त्यापायी घरे ओस पडतात. हा प्रसंग सांगतो कोण, तर स्वतः गामा, मालिंदीच्या राजापुढे! विजेत्याच्याच तोंडून त्याच्यावरचा आरोप वदवणे ही किमया महाकाव्याच्या परंपरेत विरळा.

पण या म्हाताऱ्याचे पुढे काय झाले? पोर्तुगीज भाषेत 'रेस्तेलोचा म्हातारा' हा शब्दप्रयोग प्रत्येक नव्या गोष्टीला नाक मुरडणाऱ्या किरकिऱ्या माणसासाठी रूढ झाला. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसे मरतील, हे त्याचे भाकीत अक्षरशः खरे ठरले होते, आणि ते लिहिणारा कवी १५५३ साली स्वतः याच मार्गाने गोव्यास पोचलेला होता. त्याला किंमत ठाऊक होती.

मात्र आपल्याकडच्या वाचकाला, विशेषतः गोव्याच्या इतिहासाची जखम जाणणाऱ्याला, उलट मोह होतो: म्हाताऱ्याला वसाहतवादाचा पहिला विरोधक ठरवण्याचा. संहिता त्याला परवानगी देत नाही. दाराशी आफ्रिकेतला शत्रू असताना दूर कशाला जाता, लढायचे तर त्याच्याशी लढा, असेही हाच म्हातारा सुचवतो. त्याचे दुःख आपल्या माणसांपुरते आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या माणसांचे त्याला सोयरसुतक नाही. हा भाग वगळला, की उरतो तो आपल्या सोयीचा म्हातारा.

आज मठाच्या चर्चमध्ये गामा आणि कामोइश यांची थडगी आहेत. दोघांचे म्हणून मानलेले अवशेष १८८० साली, कवीच्या मृत्यूच्या त्रिशताब्दीला, समारंभाने तेथे आणले गेले. कवीच्या थडग्यातील अस्थी त्याच्याच आहेत का, याविषयी अभ्यासक साशंक आहेत.